पार्टिशनच्या टिपा छापता ते ठीक, पण कुठपर्यंत मागे फिरता येतं ते पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात कॉम्प्युटरच्या टिपांचा जो कोपरा असतो तो मी न चुकता वाचतो, कामाचं असलं तर कापून पण ठेवतो. मी काही इंजिनियर वगैरे नाही, पण ऑफिसात आणि नात्यात कुणाचं मशीन अडलं की फोन मलाच येतो, आणि हल्ली त्यातले बरेच फोन एकाच विषयावर असतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, मशीन जुनं पण धडधाकट, विंडोज ११ ते घेत नाही, मग काहींना विंडोजच्या शेजारी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी फुकटची सिस्टीम, टाकून बघायचं असतं. काहींचा सी ड्राइव्ह लाल झालेला असतो आणि डी अर्धा रिकामा पडलेला असतो. काहींनी नवीन लॅपटॉप घेतलेला असतो, त्यात एकच सी असतो, आणि वर्षभर वापरून झाल्यावर आठवतं की अरे याला डी करायला पाहिजे होता. तिघांचाही प्रश्न एकच, आत फाइली आहेत, त्या न उडवता पार्टिशन करता येतं का, म्हणजे डिस्कचे सी, डी असे भाग पाडता किंवा बदलता येतात का.

येतं. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो उत्तर ज्या पद्धतीने छापलं जातं त्याबद्दल. विंडोजमधलंच डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर राइट क्लिक करा, श्रिंक व्हॉल्यूम (म्हणजे सी छोटा करा), मग न्यू सिंपल व्हॉल्यूम (म्हणजे मोकळ्या जागेत नवीन ड्राइव्ह), नेक्स्ट नेक्स्ट फिनिश, झालं. आठ ओळींत काम तमाम आणि खाली एक वाक्य, "सुरू करण्यापूर्वी बॅकअप घ्यावा". हे सगळं चूक नाहीये, पण वाचणाऱ्याला सगळ्या पायऱ्या सारख्याच वाटतात आणि त्या सारख्या नसतात. काही पायऱ्या अशा की चुकलं तर राइट क्लिक करून परत पहिल्यासारखं करता येतं, काही अशा की एन्टर दाबला आणि विषय संपला. कुठली कुठली ते टिपेत लिहिलेलं मी तरी फारसं पाहिलेलं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. जागा नसेल तर काटछाट करा, पण मधलं काढू नका.

आधी थोडं आत काय असतं ते. पार्टिशन म्हणजे डिस्कवर कुठे भिंत उभी राहत नाही, फक्त डिस्कच्या सुरुवातीला एक तक्ता असतो की अमुक सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटासा कप्पा) अमुक सेक्टरपर्यंत एक भाग, पुढे दुसरा. जुन्या एमबीआर पद्धतीत तर हा तक्ता डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो आणि त्यातले पण फक्त ६४ बाइट त्याच्या वाट्याला, १६ बाइटच्या चार नोंदी. म्हणून तिथे चारच प्रायमरी पार्टिशन होतात आणि म्हणूनच २ टीबीच्या पुढची डिस्क त्याला झेपत नाही. नवीन मशीनवर जीपीटी असतो, त्यात विंडोज १२८ पार्टिशनपर्यंत जाऊ देतं आणि तक्त्याची एक कॉपी डिस्कच्या शेवटी पण ठेवलेली असते. एवढं सांगायचं कारण असं की पार्टिशन डिलीट केलं की सेकंदात होतं, दोनशे जीबी फाइली सेकंदात कशा पुसल्या जातील? त्या पुसल्या जातच नाहीत. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पानं जागेवरच असतात, तसंच. साध्या हार्ड डिस्कवर नुसतं डिलीट झालेलं पार्टिशन टेस्टडिस्कसारख्या फुकटच्या प्रोग्रामने बऱ्याचदा परत सापडतं, अट एकच, मधल्या काळात त्या जागेवर काही लिहिलं गेलेलं नसावं.

एसएसडीचं, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपांवर साठवणाऱ्या नवीन डिस्कचं, मात्र हे खरं धरू नका. तिथे ट्रिम नावाची भानगड असते, म्हणजे विंडोज एसएसडीला कळवतं की ही जागा आता कामाची नाही, आणि एसएसडी रिकाम्या वेळात ती जागा आतून साफ करून टाकते. फॉरमॅट मारल्यावर थोड्या वेळाने रिकव्हरीचा कुठलाही प्रोग्राम चालवा, नुसते शून्य मिळतात. हल्ली बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडीच असते, तरी टिपा अजून जुन्या हार्ड डिस्कच्या भरवशावर लिहिल्या जातात, "चुकून डिलीट झालं तर रिकव्हरी सॉफ्टवेअर आहेच की".

आता श्रिंक. ही पायरी खरंच बऱ्यापैकी सुरक्षित आहे, विंडोज व्हिस्टापासून ती विंडोजमध्येच आहे, वेगळं काही डाउनलोड करायला लागत नाही. पण ती खिडकी उघडल्यावर जे दिसतं त्यात एक गंमत आहे. चार ओळी असतात, आत्ताची एकूण साइज, किती कमी करता येईल, किती कमी करायचंय, आणि कमी केल्यावर किती उरेल. तिसऱ्या ओळीतल्या चौकटीत विंडोज आपणहून आकडा भरून ठेवतं आणि तो असतो जास्तीत जास्त जितकं कमी होऊ शकतं तितका! म्हणजे कुणी न वाचता श्रिंक दाबलं तर सी मध्ये श्वास घ्यायला जागा उरत नाही, पुढच्या मोठ्या अपडेटला सी परत लाल. शिवाय आकडे जीबीत नाहीत, एमबीत. शंभर जीबी पाहिजेत तर १०२४०० लिहायचं, लोक १०० लिहितात आणि शंभर एमबीचा चिमुकला ड्राइव्ह तयार झाला की माझ्यावर चिडतात. तिसरी गोष्ट, त्या खिडकीतलं "किती उरेल" म्हणजे उरलेल्या सी ची एकूण साइज, मोकळी जागा नव्हे. ते दोन्ही एकच समजून गणित करणारे मी शिकलेसवरलेले बघितलेत.

दुसरा नेहमीचा प्रश्न, सी मध्ये सहाशे जीबी मोकळे दिसतात तरी श्रिंकला फक्त वीस-पंचवीस जीबीच देतं, असं का? कारण श्रिंक करताना पार्टिशनच्या शेवटाकडच्या फाइली पुढे सरकवून शेवटची जागा मोकळी करायची असते, आणि काही फाइली विंडोज चालू असताना जागची हलत नाहीत. पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती), हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना मेमरीतलं जिथे उतरवतात ती), सिस्टम रिस्टोरच्या कॉपी, एनटीएफएसच्या म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या याद्यांचे तुकडे. त्यातली एक जरी शेवटाजवळ जाऊन बसली असली तरी तिच्या अलीकडची सगळी जागा अडकते, मोकळी असून उपयोग नाही. कुठली फाइल अडवतेय ते विंडोज लिहून ठेवतं हे फार थोड्यांना माहीत असतं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये २५९ नंबरचा इव्हेंट बघायचा, त्यात त्या फाइलचं नाव असतं. मग त्याप्रमाणे हायबरनेशन बंद करा, पेजफाइल तात्पुरती काढा, सिस्टम प्रोटेक्शन बंद करा, रीस्टार्ट, श्रिंक, आणि काम झालं की सगळं आठवणीने परत चालू करा. हे सगळं मागे फिरता येण्यासारखं आहे, फक्त रिस्टोर पॉइंट गेले ते गेले. पण इथेच लोकांचा धीर सुटतो आणि ते नेटवरून कुठलंतरी पार्टिशनचं सॉफ्टवेअर उचलतात, ते फुकट म्हणून घेतात, नेमकं पाहिजे ते काम करायला गेलं की पैसे मागतं, मग क्रॅक शोधतात. ज्या प्रोग्रामला आपल्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर लिहायची परवानगी देतोय तो क्रॅक केलेला घ्यायचा, याला काय म्हणावं.

श्रिंक झाल्यावर उरलेल्या जागेची काळी पट्टी दिसते, अनअलोकेटेड. इथपर्यंत आलात आणि विचार बदलला तर सी वर राइट क्लिक, एक्स्टेंड व्हॉल्यूम, सगळं पूर्ववत. नवीन डी बनवून त्यात अजून काही ठेवलं नसेल तर तो डिलीट करून पण परत मागे जाता येतं. म्हणजे सी छोटा करणे आणि मोकळ्या जागेत डी करणे हा रस्ता दोन्हीकडून चालू आहे, फक्त घिसाडघाई करू नका, चार्जर लावून बसा, डेस्कटॉप असला तर यूपीएस असावा. आणि फॉरमॅटच्या पानावर ड्राइव्हचं अक्षर आणि साइज दोन्ही बघा, नुसतं अक्षर नाही.

खरी गोची उलट्या कामात आहे, आणि फोन सगळ्यात जास्त त्याचेच असतात. सी भरलाय, डी मोकळा आहे, डी मधली जागा सी ला द्यायची. ऐकायला सोपं. डी श्रिंक केला, काळी पट्टी आली, सी वर राइट क्लिक केलं तर एक्स्टेंड करडं, दाबताच येत नाही. का? तर श्रिंकची जागा नेहमी पार्टिशनच्या शेवटाला मोकळी होते, म्हणजे काळी पट्टी आली डी च्या उजवीकडे, आणि सी ला वाढायला ती पाहिजे सी च्या लगेच उजवीकडे, मधे अख्खा डी आडवा. कित्येक मशीनवर तर सी आणि डी च्या मधे रिकव्हरीचं एक छोटं पार्टिशन पण बसलेलं असतं, ते वेगळंच. डिस्क मॅनेजमेंट इथे हात वर करतं आणि माझ्या मते ते शहाणपणाचं आहे.

बाहेरचे प्रोग्राम, लिनक्सवरचा पार्टिशनचा फुकट प्रोग्राम जीपार्टेड धरून, हे करून देतात, पण कसं ते समजून घ्या. ते डी चं तोंडच उजवीकडे सरकवतात. म्हणजे डी मधला डेटा उचलून डिस्कवर पुढच्या जागेत लिहायचा, ब्लॉकमागून ब्लॉक, जुन्या हार्ड डिस्कवर चारपाचशे जीबी असले तर तासनतास. त्या तासांत मधेच लाइट गेली, बॅटरी संपली, केबल हलली, किंवा एक वाचता न येणारा सेक्टर लागला, तर डी चा अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी, आणि तक्ता दोन्हीशी जुळत नाही. इथे कॅन्सल म्हणजे परत फिरणं नव्हे. टिपांमध्ये मात्र याचं वर्णन असतं "स्लायडर ओढा आणि अप्लाय दाबा". श्रिंकच्या स्लायडरसारखाच दिसतो तो स्लायडर, रंग पण तोच!

माझं सरळ मत आहे, आत डेटा असलेल्या पार्टिशनची सुरुवात सरकवायचीच नाही. डी मधलं सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, उघडून बघा, डी डिलीट करा, सी एक्स्टेंड करा, उरलेल्या जागेत नवीन डी करा, फाइली परत आणा. वेळ तेवढाच जातो किंवा कमीच जातो, आणि कुठल्याही क्षणी लाइट गेली तरी एक धड कॉपी कुठेतरी असतेच. यावर लोक म्हणतात अहो पण एवढी कॉपी ठेवायला दुसरी डिस्क नाहीये. मग तुम्ही ते स्लायडरचं काम पण करू नका ना. नुसता सी हलका करायचा असेल तर डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, व्हिडिओ ही फोल्डरं राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन असं करून डी वर हलवता येतात, पार्टिशनला हात लावायला नको. निम्म्या लोकांचं काम एवढ्यात भागतं. डी मध्ये आधी एक वेगळं फोल्डर करून तेच निवडा फक्त, थेट डी चं मूळ देऊ नका, नाहीतर अख्खा डी च डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि मग तो निस्तरायला परत फोन.

बॅकअपबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी तीनच गोष्टी लिहितो ज्या सहसा लिहिल्या जात नाहीत. एक, त्याच डिस्कच्या डी वर ठेवलेला सी चा बॅकअप हा या कामापुरता बॅकअप नाहीच, कारण ज्या तक्त्याशी आपण खेळतोय तो दोघांचा एकच आहे, आणि डिस्क मेली तर दोघं एकदम मरतात. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर पण सी आणि डी असा भेदभाव करत नाही. दोन, कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही, त्यातल्या चारदोन मोठ्या फाइली, एखादा जुना फोटो, एखादी टॅलीची किंवा एक्सेलची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, बॅकअप झाला की ती एक्स्टर्नल डिस्क काढून कपाटात ठेवा, मगच पार्टिशनला हात लावा. लावलेली राहिली तर चुकून तीच फॉरमॅट होते. हे मी उगाच सांगत नाहीये. डिस्कपार्ट नावाची जी काळ्या खिडकीतली कमांड आहे तिथे लिस्ट डिस्क म्हटलं की डिस्क ०, डिस्क १ असे नुसते नंबर आणि साइज दिसतात, नाव नाही. आतली डिस्क एक टीबीची, बाहेरची पण एक टीबीची, दोन्हीपुढे ९३१ जीबी, ओळखणार कशी? डीटेल डिस्क म्हटलं तर मॉडेलचं नाव येतं, पण ते कोण लिहितं टिपेत. आणि पुढची क्लीन ही कमांड "नक्की का?" असं एकदाही विचारत नाही. एका शब्दात अख्ख्या डिस्कचा तक्ता साफ. पेनड्राइव्ह दुरुस्त करायच्या टिपांमध्ये ही कमांड सर्रास छापलेली असते, त्यामुळे पेनड्राइव्ह दुरुस्त झाला आणि डिस्क गेली असा प्रकार होतो.

(९३१ वरून आठवलं, एक टीबीची डिस्क घेतली आणि ९३१ जीबीच दिसते म्हणून कुणी फसवलं असं नसतं, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच. ती हरवलेली जागा शोधायला म्हणून छोटी पार्टिशनं डिलीट करू नका.)

त्या छोट्या पार्टिशनांबद्दल पण लिहायला पाहिजे. शंभर एमबी किंवा जरा जास्तीचं ईएफआय, नि काही शे एमबीचं रिकव्हरी. त्यांना अक्षर नसतं, म्हणून लोकांना ती फालतू वाटतात. पहिलं उडवलं तर विंडोज सुरूच होणार नाही, दुसरं उडवलं तर बिघडल्यावर दुरुस्तीचा जो निळा पडदा येतो तो येणार नाही. डिस्क मॅनेजमेंट त्यांना सहसा हात लावू देत नाही, बाहेरचे प्रोग्राम देतात. आणि या रिकव्हरीच्या पार्टिशनवरून एक गोष्ट तर पेपरांनी उचलून धरायला पाहिजे होती. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ नावाचं सिक्युरिटी अपडेट काढलं, ते कित्येक मशीनवर ०x८००७०६४३ असा एरर देऊन आपटायचं, कारण रिकव्हरीच्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा त्याला लागायची आणि ती नसायची. कंपनीने यावर काय सांगितलं? तर तुम्हीच कमांड लिहून पार्टिशन मोठं करा! म्हणजे सी श्रिंक करा, रिकव्हरी डिलीट करा, नवीन बनवा, सगळं डिस्कपार्टमध्ये हाताने. ज्यांनी ही सिस्टीम लिहिली त्यांनाच ते सगळ्यांच्या मशीनवर आपोआप करायचं धाडस झालं नाही, आणि काम दिलं कुणाला तर ज्याला सी ड्राइव्ह म्हणजे काय हे पण धड माहीत नाही त्याला. तेव्हा आपल्याकडे छापलेल्या टिपा म्हणजे त्या कमांडचं जसंच्या तसं भाषांतर, कुठल्या ओळीला थांबायचं हे कुठेच नाही.

सुरू करायच्या आधी डिस्कची तब्येत बघणं हे पण राहूनच जातं. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा तसला कुठलाही फुकटचा प्रोग्राम स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती, दाखवतो, त्यात हार्ड डिस्क असेल तर रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) आणि करंट पेंडिंग सेक्टर (संशयित) ही दोन बघा, शून्याच्या वर असतील आणि विशेषतः वाढत असतील तर पार्टिशनचा विषय बंद. अशा डिस्कवरून एकदाच शांतपणे डेटा बाहेर काढायचा आणि तिला निवृत्त करायचं, तिच्यावर श्रिंक, डीफ्रॅग, तपासणी असली ओझी टाकली तर ती मधेच दम सोडते. आकडे ठीक असतील तर चेकडिस्क ही विंडोजमधलीच तपासणी चालवून घ्या, फाइल सिस्टीममध्ये गडबड असेल तर श्रिंक मधेच अडतो.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हवरचं कुलूप. हा नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी. पुष्कळांना माहीतच नसतं की आपला ड्राइव्ह एनक्रिप्ट झालेला आहे, कारण मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर ते आपोआप चालू होतं. एरवी कळत पण नाही, पण बूटच्या भागात काही बदल झाला की मशीन सुरू होताना ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती नसेल तर फाइली जागेवर असून गेल्यात जमा, तिथे टेस्टडिस्क चालत नाही की कुठला एक्स्पर्ट चालत नाही. म्हणून आधी आपल्या अकाउंटमध्ये जाऊन ती की शोधा, कागदावर लिहा, मग बिटलॉकर सस्पेंड करा आणि मग बाकीचं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा म्हणणार होतो पण तो फोटो त्याच लॅपटॉपवर सिंक करून मोबाइलमधून डिलीट करणारे लोक आहेत, तेव्हा कागदच बरा.

लिनक्सवाल्यांसाठी दोन शब्द. सी विंडोजमधूनच श्रिंक करा, काळी पट्टी तशीच काळी ठेवा, तिच्यात न्यू सिंपल व्हॉल्यूम करू नका, लिनक्सचा इन्स्टॉलर ती जागा स्वतः घेतो. विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, कारण त्यात शटडाउन म्हणजे पुरतं शटडाउन नसतं, अर्धी झोप असते, आणि अशा झोपलेल्या पार्टिशनवर दुसऱ्या सिस्टीमने लिहिलं तर फाइली खराब होतात, जीपार्टेड तर अशा वेळी श्रिंक करायला नकारच देतो. इन्स्टॉलरमध्ये एका पानावर "विंडोजच्या शेजारी टाका" आणि "डिस्क पुसून टाका" हे दोन पर्याय वरखाली असतात, माऊस घसरला तर काय होईल हे सांगायला नको, तिथे थांबा, पुढच्या पानावर कुठली पार्टिशनं बदलणार याची यादी येते ती मोठ्याने वाचा. जीपार्टेडचं एक मला फार आवडतं, तुम्ही काय काय करायचं ठरवलंय ते खाली रांगेत लिहून ठेवतो आणि हिरवी बरोबरची खूण दाबेपर्यंत डिस्कला बोट पण लावत नाही, तोपर्यंत सगळं अनडू होतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तसं नाही, यस म्हटलं की झालंच.

आणि लिनक्स टाकून झाल्यावर विंडोजमध्ये कधीतरी एक चौकट येते, अमुक ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे गरजेचे आहे, करायचं का? विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही म्हणून ते असं विचारतं, त्यात डेटा नाही असा त्याचा अर्थ नाही. हीच चौकट बिघडलेल्या तक्त्याच्या डिस्कवर पण येते, अर्ध्यात उपटलेल्या एक्स्टर्नलवर पण येते. कॅन्सल. दरवेळी कॅन्सल. फॉरमॅट चुकून झालाच तर क्विक फॉरमॅटची खूण होती का नव्हती यावर पुढचं सगळं ठरतं, कारण व्हिस्टापासून ती खूण काढून केलेला फॉरमॅट पूर्ण पार्टिशनवर शून्यं लिहितो, मग हार्ड डिस्क असली तरी परत काही नाही. एवढीशी चौकोनी खूण!

चार प्रायमरी पार्टिशनं असलेल्या जुन्या एमबीआर डिस्कवर पाचवं करायला गेलं की विंडोज विचारतं, डिस्क डायनॅमिक (विंडोजची एक वेगळी मांडणी) करू का. नो म्हणा. डायनॅमिक करायला एक क्लिक लागतो आणि परत बेसिक करायचं तर विंडोजच्या पद्धतीने सगळी व्हॉल्यूम डिलीट करावी लागतात. हा अगदी नमुना आहे मी म्हणतोय त्याचा, जायला एक क्लिक, यायला रस्ता नाही, आणि विचारणारी चौकट इतकी साधी की जणू वॉलपेपर बदलायचाय. मॅकवाल्यांना यातलं बरंचसं लागूच नाही, २०१७ पासून तिथे एपीएफएस आहे, त्यात पार्टिशन न करता नुसता एक नवीन व्हॉल्यूम जोडता येतो आणि सगळे व्हॉल्यूम एकाच मोकळ्या जागेतून लागेल तशी जागा घेतात. मॅकने पार्टिशन का व्हॉल्यूम असं विचारलं तर व्हॉल्यूम म्हणा, विंडोज टाकायचं नसेल तर.

शेवटी एक प्रश्न उरतो की मुळात डी पाहिजेच कशाला. विंडोज परत टाकायची वेळ आली तर फक्त सी फॉरमॅट होतो आणि डी वाचतो, हे कारण खरं आहे, मी पण त्याच कारणासाठी माझ्या मशीनवर डी ठेवलाय. पण छोटी २५६ जीबीची एसएसडी घ्यायची आणि तिचे पण तीन तुकडे करायचे, मग वर्षभर या तुकड्यात जागा नाही त्या तुकड्यात आहे करत बसायचं, यात मला काही शहाणपण दिसत नाही. एसएसडी आतून सगळ्या चिपांवर डेटा फिरवत असते, तिला तुमचे सी डी माहीत पण नसतात. तिथे एक फोल्डर आणि बाहेर एक खरा बॅकअप पुरतो.

तर संपादक महाशय, मागणी छोटी आहे. पुढच्या वेळी अशी टिप छापाल तेव्हा बॅकअपचं वाक्य तळाला नको, पहिली पायरी म्हणून टाका, आणि फॉरमॅट, क्लीन, डायनॅमिक, पार्टिशनची सुरुवात सरकवणं या चार ठिकाणी एक छोटा लाल त्रिकोण छापा. रंगीत पान नसेल तर काळा चालेल. टिप कुठल्या विंडोजवर करून बघितली आणि डिस्क हार्ड डिस्क होती का एसएसडी हे एका ओळीत द्या. आणि टिप लिहिणाऱ्याने ती स्वतः डेटा असलेल्या डिस्कवर करून बघितलीये का, का नुसतं नव्याकोऱ्या रिकाम्या डिस्कवर, हे छापायच्या आधी त्याला एकदा विचारा.

कळावे,
आपला एक नियमित वाचक